पलंग गोदबूचा नव्हता

सेंत-ओदिल, ९ जुलै

प्रिय पात्रीस,

आठवडाभर तुझा फोन बंद आहे आणि तो तू मुद्दाम बंद ठेवला आहेस हे मला कळतं, म्हणून हे पत्र. पत्र न वाचता बाजूला ठेवून देता येतं, पण मग आत काय होतं याची रुखरुख लागून राहते. तुझा स्वभाव मला लहानपणापासून माहीत आहे. तू हे शेवटपर्यंत वाचशील.

जे सांगायचं ते आधीच सांगून टाकते, कारण ते आणखी एक ओळभरही आत ठेवणं मला जमणार नाही. गोदबू राहिला. आपल्या कार्काजूंचा, गावच्या आइस हॉकी संघाचा, गोलरक्षक आपल्याकडेच राहिला, दोन वर्षांसाठी, सहीनिशी. तुला हे माहीत आहे, साऱ्या खोऱ्याला माहीत आहे, तरी मला ते माझ्या हाताने तुला लिहायचं होतं. तू हरलास, पात्रीस. हे लिहिताना मी हसते आहे आणि हसण्याचा थोडा संकोचही वाटतो आहे. तो का, ते पुढे येईल. आधी मला पोटभर हसू दे. तीन उन्हाळे मी या हसण्याची वाट पाहिली.

तू पुलापलीकडच्या सें-फुलबेरच्या संघाचा व्यवस्थापक झालास तेव्हा मी कुणाकडे तक्रार केली नाही. माणसाने आपलं बघावं. पण पहिल्याच उन्हाळ्यात तू आपले तीन खेळाडू नेलेस, आणि तेव्हापासून गावात एक नवा शब्दप्रयोग रुळला आहे तो तुला कुणी सांगितला नसेल. ‘पूल ओलांडला.’ आधी हे फक्त खेळाडूंबद्दल म्हणायचे. आता कुणी बेकरी बदलली तरी म्हणतात. गेल्या महिन्यात दातांच्या दवाखान्यातली क्लोदेत तिच्या नवऱ्याबद्दल तेच म्हणाली आणि कुणीही त्याचा अर्थ विचारला नाही. हा शब्द ऐकला की आई ताटातला बटाटा जरा जास्तच जोरात कुस्करते. नाताळात तिने तुला टेबलाच्या टोकाला, लहान मुलांमध्ये बसवलं होतं, ते जागेच्या अडचणीमुळे नव्हतं.

यंदाचे मोकळे खेळाडू तसे मोजकेच होते. तीस जूनला करार संपतात आणि एक जुलैच्या दुपारी बारापासून ज्याला जिथे जायचं तिथे सही करता येते, त्यामुळे जूनभर इथे लोक एकमेकांना ‘कसं काय’ न म्हणता ‘काही कळलं का’ म्हणतात. लाशांस जाणार हे ठरलेलंच होतं. तो गोल करायचा हे खरं, पण प्रत्येक गोलनंतर मैदानाच्या काचेत स्वतःचा चेहरा बघायचा. त्याच्या जाण्याचं दुःख आरसे विकणाऱ्याला झालं असेल. दुफूरने यंदाही निवृत्ती जाहीर केली. ती तो दर जूनमध्ये करतो, पावाच्या गाडीतून, दारोदार. आठवड्याने त्याच्या बायकोने त्याचे गुडघ्यांचे पॅड धुऊन अंगणात वाळत घातले आणि लोकांना समजलं की बचावफळीत तो आहे. अडतीस वर्षांचा माणूस, वळायला मालगाडीइतका वेळ घेतो, पण एकदा वळला की समोरचा बाजूला होतो. मी त्याच्यावर जीव टाकते आणि तो मला दर शुक्रवारी शिळा पाव देतो.

उरला गोदबू. त्याच्यावरच सगळं अडलं होतं. गेल्या हिवाळ्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि उरलेल्या निम्म्यांत बसणारे त्याच्यासाठी यायचे. मेमध्ये संघाच्या समितीच्या बैठकीत आपले म्हातारे व्यवस्थापक बूशार यांनी सरळ सांगितलं की गोदबू गेला तर यंदा रिंकमध्ये बर्फ घालायचा नाही. कार्काजू संपले. मी समितीत नवी, तिथे मी मान डोलावली. घरी येऊन मात्र बराच वेळ बूट न काढता तशीच बसून राहिले. मला खरंच एका संघाचं एवढं वाटतं का, की वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी शनिवारी संध्याकाळी जायला दुसरी जागा नाही याची भीती वाटते? कदाचित दोन्ही एकच असेल.

आणि मला एक गोष्ट माहीत होती. औषधाच्या दुकानात माझ्यासमोर लोक काय काय ठेवतात ते तुला ठाऊक आहे. कुणाच्या घरात काय चाललं आहे ते मला त्या घरातल्या माणसांच्या आधी कळतं, आणि दुकानातलं मी दुकानातच ठेवते. गोदबूची बायको आंद्रेआन मार्चपासून माझ्याकडे यायची. गावाने ते दोनदा पाहिलं आणि हिशेब केला की गोदबूचा गुडघा गेला. मग दुकानात खोकल्याच्या गोळ्यांची विक्री वाढली. जो तो गोळ्या घ्यायचा आणि काउंटरवर वाकून विचारायचा, गुडघा बरा आहे ना? बूशारनी तर चार पाकिटं घेतली, आणि त्यांना जन्मात खोकला झालेला नाही. मी सगळ्यांना गोळ्या दिल्या आणि दिवसातून किती घ्यायच्या ते सांगितलं.

मग गोदबूबद्दल तुझा फोन आला. तू म्हणालास, ‘नाव घेऊ नकोस, काही सांगू नकोस. तो येत असेल तर नुसती गप्प राहा.’ असा प्रश्न फक्त तूच विचारू शकतोस. मी गप्प राहिले, कारण गप्प राहण्याशिवाय मला काही करताच येत नव्हतं. ‘नाही’ म्हणाले असते तर तेही सांगणंच झालं असतं. तू आनंदाने फोन ठेवलास. त्यानंतर मी स्वतःला खूप उलटसुलट तपासलं. माझ्या गप्प राहण्याने तुझी फसवणूक झाली का? पण मला जे माहीत होतं त्यातून दोन्ही अर्थ निघत होते. गोदबूच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, बाहेरून तो लोखंडी गोल जिना, आणि घरात जुळं येणार. (आता लिहायला हरकत नाही, तिनेच चारचौघांत सांगितलं.) तू त्यांना पुलापलीकडे अंगणासकट सपाटीवरचं घर देऊ केलं होतंस. इथे आंद्रेआनची आई राहते. काटा कुठे झुकेल ते मला ठाऊक नव्हतं. मी पुन्हा तशीच गप्प राहीन.

एक जुलैला सकाळी पडदा सारला तर समोर, त्यांच्या घरापुढे ट्रक. आणि गोदबू स्वतः पलंगाचं एक टोक धरून तो ट्रकात चढवत होता. थोड्याच वेळात अर्धं गाव फुटपाथवर. बूशार ट्रकच्या पुढ्यात उभे राहिले, कार्काजूंची हिरवी जर्सी घालून, आणि म्हणाले, ‘ट्रक हलणार असेल तर माझ्यावरून.’ गोदबू पलंगामागून म्हणाला, ‘काका, जरा बाजूला व्हा, बोटं चेंगरतील.’ कुणाची, ते त्याने सांगितलं नाही. पलंगाखाली दुसऱ्या टोकाला दुफूर होता, घामाने निथळत, आणि त्याला वाटलं होतं की सगळे मदतीला आलेत. तो ओरडत होता की बघत काय राहिलात, कपाट कोण उचलणार.

पेट्रोलपंपावरच्या तुझ्या मित्राने हे पाहिलं आणि तुला कळवलं, हे नंतर त्यानेच कबूल केलं. तू त्याच्यावर विश्वास ठेवलास याचंच मला अजून नवल वाटतं. अरे, तू याच गल्लीत वाढलास. एक जुलैला सगळ्यांचे भाडेकरार संपतात, सगळा प्रांत एकाच दिवशी घर बदलतो, आणि त्या दिवशी प्रत्येकजण दुसऱ्याचा पलंग उचलत असतो, पिझ्झा आणि बिअरच्या बदल्यात. कुणी पलंग वाहताना दिसला तर आधी पलंग कोणाचा ते विचारायचं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. तू विचारलं नाहीस. मी तरी कुठे विचारलं! मी खिडकीत उभी राहून रडत होते.

पलंग तळमजल्यावरच्या मादाम लावुआंचा होता. म्हातारी लेकाकडे राहायला चालली होती.

मग दहा वाजता, ट्रकातल्या रेडिओवर, तुझा आवाज. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि सगळीकडे तेच स्टेशन, त्यामुळे तू दहा घरांतून एकदम बोललास. म्हणालास, बारानंतर सही होईल, पण गोदबू आमचा झाला आहे, या क्षणी तो घर आवरतो आहे. त्या वेळी गोदबू जिन्यावर होता. डोक्यावर गादी, या वेळी स्वतःची. तो मधल्या वळणावर थांबला. गादीखालून त्याने चेहरा बाहेर काढला आणि वर सज्जात उभ्या असलेल्या बायकोला विचारलं, ‘आंद्रेआन, आपण कुठे चाललोय का?’

ती कठड्याला टेकून उभी होती, पोटावर हात ठेवून. ती म्हणाली, ‘खाली चाललोय. मादाम लावुआंच्या घरात. जानेवारीत या जिन्यावरून दोन-दोन पोरं घेऊन मी उतरणार नाही.’

पात्रीस, ‘दोन-दोन’ हे लोकांना कळायला जरा वेळ लागला. आधी तिच्या आईला कळलं, आणि त्या बाईने हातातला दिवा खाली टाकला. मग जो गलका झाला त्यात बूशार ट्रकसमोरच मटकन बसले. नंतर कपाट कोण उचलणार हा प्रश्नच राहिला नाही. वीस माणसं चढली, इतकी की जिना हलायला लागला आणि दुफूरने वाहतूक पोलिसासारखं उभं राहून एकेकाला सोडलं. दुपारी बाराला सही झाली ती अंगणात, धुलाई यंत्राच्या झाकणावर, कारण तेच एक मधल्या मध्ये अडकलं होतं. गोदबूने सही करताना पेन दोनदा झटकलं आणि बूशार दोन्ही वेळा पांढरे पडले. चर्चची घंटा कुणी वाजवली ते अजून कळलेलं नाही. फादर म्हणतात त्यांनी नाही, पण त्यांच्या लाल झालेल्या कानांवरून कळतं. आई सज्जाखाली उभी राहून गात होती. आपली आई. गात होती.

त्या आनंदात मला तुझी आठवण आली नाही, हे खरं सांगते. संध्याकाळी भांडी घासताना आली. तू त्या स्टुडिओत हेडफोन घालून बसला असशील आणि कुणीतरी काचेपलीकडून तुला खूण केली असेल. मग गुरुवारी सें-फुलबेरच्या मालकांनी तुला बोलावून कामावरून काढलं ते इथे शुक्रवारी सकाळी कळलं. माझ्या दुकानात लोक त्यावर हसले आणि मी त्यांना उरलेले पैसे परत करताना मोजायला चुकले. आईने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, ‘त्याला म्हणावं ये जेवायला. ती सें-फुलबेरची निळी टोपी घातलीस तर दारातच जाळीन.’ माझ्या हसण्याला संकोच होता तो या शुक्रवाराचा.

आता, हे पत्र का लिहिलं ते. काल समितीची बैठक झाली. बूशार यंदा व्यवस्थापकपद सोडताहेत. ट्रकसमोर बसल्यावर त्यांना स्वतःचं वय कळलं म्हणे. नावं निघाली आणि पडली. मग खेळाडूंच्या वतीने बसलेल्या गोदबूने तुझं नाव घेतलं. आधी हशा झाला. तो हसला नाही. तो म्हणाला, ‘माझ्यासाठी साऱ्या खोऱ्यासमोर एवढा मोठा मूर्खपणा आजवर कुणीही केलेला नाही. मला असा माणूस पलीकडे नको, इथे हवा.’ मतदान करायचं ठरलं तेव्हा मी उठून बाहेर गेले, कारण बहिणीने तिथे बसणं बरोबर नव्हतं. व्हरांड्यात शीतपेयांच्या मशीनशेजारी उभी राहिले. दार उघडून बूशार म्हणाले, ‘सहाच्या सहा. तू लिही त्याला, आमचा फोन तो उचलणार नाही.’ तू आता मोकळा आहेस, पात्रीस, आणि हा आमचा प्रस्ताव. ऑगस्टच्या मध्यावर आपण बर्फ घालतो. तेव्हा माणूस जागेवर लागेल. सहा मतं तुला मिळाली आहेत. सातवं मला तिथे देता आलं नाही, ते इथे देते. ये.

तुझीच,
मार्जोलेन