बिनचुन्याचा खर्रा

प्रिय बाबा,

तुम्हाले जाऊन सहा वर्षं झाली, मी एक ओळ लिहिली नाही. मग आज काहून लिहून राह्यलो? आज माझ्या छातीचा स्कॅन झाला. हृदयाच्या नळ्यांत कॅल्शियम साचलं म्हणते डॉक्टरीणबाई. तुमच्यासारखंच! रिपोर्ट मांडीवर ठेवून पुसदच्या बसस्टँडवर बसलो आहे.

तुमचा रिपोर्ट मीच वाचला होता, आठवते? तुम्ही विचारलं, "कॅल्शियम म्हंजे काय रे?" अन् मी शहाण्यानं सांगतलं, "चुना, बाबा. नळ्यांत चुना जमला."

झालं! दुसऱ्या दिवशी फुलसावंगीच्या पानठेल्यावर तुमचा हुकूम, "माहा खर्रा बिनचुन्याचा घोट!" खर्ऱ्यात तंबाखू तशीच, सुपारी तशीच. घरी दूध बंद, दही बंद, भजे मात्र चालू! वजन शंभरावर, एसटीच्या पायऱ्या चढताना धाप, अन् गावभर सांगत फिरत होते, "चुना सोडला, आता हृदय ठणठणीत."

मी नुसता हसलो. तुम्हाले समजावून काहून नाही सांगतलं? सहा वर्षं हेच मनात सलते.

आज विचारलंच, "मॅडम, हा चुना येते कुठून?" त्या म्हणाल्या, खाल्लेल्या चुन्यातून नाही. तंबाखू, रक्तातली साखर, बीपी, पोटाची चरबी, यानं नळीची आतली भिंत दुखावते, तिथं चरबी शिरते, अन् वर्षानुवर्षं शरीरच त्यात कॅल्शियम भरत राहते. जखमेवर खपली धरावी तसं.

अरे बाप्पा! म्हणजे तुम्ही माझ्या वरातीत नाचत होते तेव्हाही आत हे चालू होतं? मग दुखत कसं नव्हतं? पहिली धाप तुम्हाले कुठं लागली? अन् माझं कधी सुरू झालं असंल?

रागावू नका, एक सांगतो. तुम्ही गेल्यावर मीही बिनचुन्याचाच खर्रा धरला. तुमची आठवण म्हणून! ठेलेवाला आता विचारतही नाही, मले पाहिलं की घोटाले लागते. तुमचा सदराही मले बरोबर बसते.

आता फुलसावंगीले बस ठेल्यासमोरच थांबंल. शब्द देतो बाबा, डॉक्टरीणबाईच्या गोळ्या चुकवणार नाही, अन् तुमचा सदरा ढगळ होईस्तोवर वावरात पायीच जाईन. ठेलेवाल्याले सांगीन, "आजपासून माहा घोटू नको." तो काहून म्हणून विचारंल. मग त्याच्याजवळ बसून, तुम्हाले सांगाचं राहून गेलं ते सारं त्याले सांगीन. तोही दिवसभर खर्राच खाते.

तुमचा,
शंकर