शिवणबाईंच्या मोटारसायकलचा आवाज आणि माझी मालमत्ता

मी, खाली अंगठा उठवणारी, गॅरेजवाल्यांची बायको, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्या धाकाने वा भिडेखातर नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने माझ्यामागची व्यवस्था सांगते. मला अक्षर येत नाही, म्हणून गॅरेजात काम करणारी माझी नात लिहिते आहे. माझे बोलणे इस्त्री करून लिहू नकोस, असे तिला बजावले आहे.

१. गॅरेजमागच्या खोल्या माझ्या नावावर आहेत, त्या मुलाला मिळाव्यात. त्याचे वडील हयात असेतो त्यांना तिथून कोणी हलवू नये. मात्र ते आपण होऊन दुसरीकडे राहायला निघाले, तर त्यांचा हक्क त्याच क्षणी संपेल. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्यांना ठाऊक आहे.

२. बँकेतली शिल्लक मुलाने आणि मुलीने निम्मी निम्मी घ्यावी. भांडायचे असल्यास माझ्यादेखत भांडून घ्यावे, म्हणजे मलाही बघायला मिळेल.

३. माझा लांब पेचकस नातीला. टोक इंजिनला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला; आतले सगळे ऐकू येते. हे मला यांनीच शिकवले, लग्न नवे होते तेव्हा. मला वाटे, ही विद्या आमच्या दोघांतच राहील. मध्यंतरी यांनी ती शिवणबाईंनाही शिकवली.

४. शिवणबाई म्हणजे कोपऱ्यावर कपडे शिवणाऱ्या. एकट्या राहणाऱ्या, फार हसणाऱ्या. त्यांच्या मोटारसायकलच्या इंजिनातली टायमिंग चेन यांनी बदलली, तरी कटकट राहिली. तेव्हापासून हे तो आवाज शोधायला त्यांच्या अंगणात जातात. आधी म्हणाले टॅपेट, मग सायलेन्सर, मग म्हणे, "अगं, हवेनंही होतं कधी कधी." मी पेचकस लावून ऐकले आहे. इंजिन थंड असताना कटकट, तापल्यावर कमी, आणि तीही चेनच्याच बाजूला. चेन नवी घातली, पण तिला ताणून धरणारा टेन्शनर जुनाच ठेवला. नातीलाही एका फेरीत कळले. यांचा सगळा जन्म इंजिने खोलण्यात गेला, आणि यांना तेवढे कळू नये?

५. नवा टेन्शनर मी आणवून उशाखाली ठेवला आहे. माझ्यामागे तो नातीने शिवणबाईंच्या गाडीला बसवावा. यांनी हात लावू नये.

६. कलम पाच रद्द. नात हे लिहीत असतानाच शिवणबाई गाडी घेऊन दारात आल्या आणि हे चष्मा शोधू लागले. मी म्हटले, "अहो, तुम्ही बसा. पोरगी बघेल." इंजिन गार होईपर्यंत शिवणबाईंना पाणी दिले, चहा नाही. नातीने टेन्शनर बसवून गाडी सुरू केली. कटकट गेली.

"सुटले बाई, काकू," शिवणबाई म्हणाल्या.

हे बराच वेळ वाकून ऐकत राहिले. मग म्हणाले, "मागच्या चाकातून काहीतरी येतंय, नाही का?"

७. सबब, हे मृत्युपत्र अमलात आणण्याची कोणी घाई करू नये. मला अजून मागचे चाक ऐकायचे आहे.

अंगठा: डावा, माझाच.

साक्षीदार: समोरच्या डॉक्टरीणबाई. दुसरा, पार्टचा दुकानदार, ज्याने टेन्शनर गुपचूप आणून दिला. यांनाही सही करायची होती. पण यांची साक्ष इंजिनाबाबतसुद्धा टिकत नाही.

तारीख: आजची, आकडा नात घालील.

ठिकाण: गॅरेजमागची खोली. खिडकीतून कोपरा स्पष्ट दिसतो.