हाफोदच्या जॉन जोन्सची कबर

मी, ग्विलिम जोन्स, वय एक्क्याऐंशी, धंदा खाणीत पाटीचा दगड चिरणे (आता बंद), राहणार नांतग्वीन, उत्तर वेल्स, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. तीस वर्षांपूर्वीही असते तर बरे झाले असते.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पुतण्या इदवाल यास मिळावी. छिन्न्या आणि लाकडी हातोडाही त्यालाच. मेहुणा तेगिद याने १९६१ साली नेलेली शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. त्याला एवढेच.

२. चॅपलच्या आवारातील कबरीविषयी. आमच्याकडे जॉन जोन्स पैशाला पासरी, म्हणून माणूस घराच्या नावाने ओळखायचा. माझे आजोबा हाफोद या घरचे जॉन जोन्स. वडील सात वर्षांचे असताना ते वारले. कुठे पुरले, हे वडिलांना कोणी सांगितले नाही. वडील मरताना म्हणाले, "बापाच्या कबरीवर एक फूल ठेवायचं राहिलं रे." १९५१ साली एका दगडावर 'जॉन जोन्स, हाफोद' सापडले. मी शेजारची जागा स्वतःसाठी घेतली. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे फूलरविवारी, सारे गाव आपापल्या कबरी सजवते. दर वर्षी मी ती कबर धुतली, डॅफोडिलची पिवळी फुले वाहिली.

माझी पत्नी नेस्त म्हणाली होती, "काय रे ग्विलिम, या दगडावरच्या जन्मसालाप्रमाणं तुझे आजोबा नवव्या वर्षी बाप झाले!" मी म्हटले, पाथरवट चुकला असेल. तिने तिथे जागा घेतली नाही. "परक्या माणसाशेजारी मी झोपणार नाही," म्हणाली, आणि मेल्यावर माहेरच्या गावी आईबापांच्या कबरीजवळ गेली.

३. बेकरीवाली मेरेरीद जोन्स हिच्याविषयी. १९५८ साली ती लिव्हरपूलहून म्हाताऱ्या आईला घेऊन फूलरविवारी त्याच कबरीवर आली. आई म्हणाली, "हे माझे वडील." मी ओरडलो, "जोन्स आडनाव आहे म्हणून कोणत्याही कबरीवर हक्क सांगाल? जा, आपला जॉन जोन्स दुसरीकडे शोधा!" म्हातारीने फुले कुंपणाच्या भिंतीवर ठेवली. त्याच हिवाळ्यात ती वारली. मेरेरीद गावातच राहिली, पण पंचवीस वर्षे मला पाव देते तो न बोलता.

गेल्या हिवाळ्यात नेस्तच्या कपाटात गरीबखान्याच्या नोंदवहीची नक्कल सापडली. जॉन जोन्स, पूर्वी राहणार हाफोद, खाणीत पाय चिरडला, मृत्यू १८७४, आवाराच्या कोपऱ्यात पुरले. आजोबा घराबाहेर पडले, त्या घरात दुसरा जॉन जोन्स भाड्याने आला, नाव घरालाच चिकटून राहिले. नेस्तने तो कागद मला का दाखवला नाही, हे मी कोणत्या तोंडाने विचारू? माझी मला लाज वाटते.

४. म्हणून ती जागा मेरेरीदला द्यावी, तिच्या आजोबांशेजारी. दगडावर तिच्या आईचे नाव कोरावे. मला गरीबखान्याच्या जुन्या आवारात, गवताच्या कोपऱ्यात पुरावे. माझ्या दगडावर नुसते नाव नको. बापाचे नाव, आजोबांचे नाव, धंदा, कोणत्या घरात कोणत्या साली राहिलो, सगळे लिहावे. अक्षरे बारीक झाली तरी चालतील.

ज्याला मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे, म्हणून मेरेरीदची सही नाही. पण तिला बोलावून हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "आई त्या भिंतीपाशी कशी रडली ते मी बघितलंय, काका. माफ नाही करायची मी तुम्हाला." दारापर्यंत गेली आणि वळली. "तुमच्या आजोबांचा तो कोपरा नेमका कुठला, ते सांगा. उद्या फूलरविवार आहे."

साक्षीदार: इल्तुद पॅरी, शाळामास्तर; केरिस वॉटकिन, परिचारिका
सही: ग्विलिम जोन्स
नांतग्वीन, शनिवार, २६ मार्च १९८३