मधमाश्या बघायला गेलास तेव्हा

प्रिय थर्स्टन,

तुझं पत्र आणि मध दोन्ही पोचलं. मध ठेवून घेतला, पत्र चुलीत घातलं. "मी दिलं नाही, त्यांनीच उचललं" हे वाचून माझं डोकंच फिरलं. राजाने लढाईसाठी मागितलेला उत्पन्नाचा पाचवा हिस्सा थैलीत भरून वेदीजवळ ठेवलास, चर्चचं दार उघडं टाकलंस आणि मधमाश्या बघायला गेलास. राजाची माणसं थैली घेऊन गेली, संरक्षणाचा कागद ठेवून गेली. राजाला कर देऊ नका ही पोपची आज्ञाही पाळली गेली, राजाही खूश. शाळेतही मठातली सफरचंदं आपणहून तुझ्याच झोळीत पडायची.

मी मात्र खरंच दिलं नाही. दर लढाईला चर्चपुढे हात पसरायचा, आणि नाही म्हटलं की कायद्याचं संरक्षणच काढून घ्यायचं, ही कुठली रीत? कर न देणाऱ्या पाद्र्याला लुटलं तर दाद लागणार नाही, अशी भर बाजारात दवंडी पिटली. आठवड्यात माझी घोडी गेली. नेली कुणी, तर आपल्या गॅमेल गिरणीवाल्याने, भरदिवसा, पुलावर. त्याच्या पाचही पोरांचा बाप्तिस्मा मी केलाय. लगाम धरून म्हणतो, "उतरा फादर, आता कायदाच आहे तसा. रागवायचं तर राजावर रागवा." वर उतरायला हातही दिला. रविवारी प्रार्थनेला तिच्यावरूनच येतो.

मी पायी फिरू लागलो. लोक कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं, हे तुझ्यापासून काय लपवू.

मंगळवारी दलदलीपलीकडून निरोप आला, म्हातारी गुनिल्डा अखेरच्या घटका मोजतेय. घोडीवरून तासाभराची वाट. चिखल तुडवत मला अर्धा दिवस लागला. पोचलो तेव्हा लेक तिचे डोळे मिटत होती. म्हणाली, "सारखी विचारत होती, फादर निघाले का?" पवित्र तेलाची कुपी माझ्या हातात तशीच राहिली.

पापांची कबुली न देताच गेली ती, माझ्या ताठ्यापायी. राजाला मी अजूनही लुटारूच म्हणतो, आणि गॅमेललाही. पण कर भरून संरक्षणाचा कागद हाती आला की घोडी परत मागता येते, असं इथला कारकून सांगतो.

म्हणून लिहितोय. थैली नेमकी कुठे ठेवलीस? दार सताड उघडं ठेवलंस की नुसतं लोटलंस? आणि मधमाश्यांपाशी किती वेळ उभा राहिलास, तेही कळव. माझ्याकडे मधमाश्या नाहीत. मी गुनिल्डाच्या थडग्यापाशी उभा राहीन म्हणतो.

तुझाच, शाळेपासूनचा हट्टी,
ऑस्बर्ट