बंडूच्या टाकीतलं रीडिंग

६ जानेवारी, सकाळी ९

बंडूच्या अंगावर पांढरे ठिपके. सात मोजले. चष्मा पुसून पुन्हा मोजले, अकरा.

या वहीत बंडूची आजवर नीट नोंद नाही, ती आधी करतो. बंडू म्हणजे लेकीचा, प्रेरणाचा मासा. नारंगी, अंगावर तीन पांढरे पट्टे, खाऱ्या पाण्यातला. अकरावीत असताना तिने पुण्याहून आणला. आता ती कोकणात मत्स्यशास्त्र शिकते आणि मासा इथे कामथडीला, टीव्हीशेजारी. जाताना म्हणाली, अप्पा, तुमच्या हातात दिलाय म्हणजे मला काळजीच नाही.

संकल्प: आजपासून रोज दोन वेळा निरीक्षण. वेळेसह.

६ जानेवारी, संध्याकाळी

प्रेरणाला फोटो पाठवले. लगेच फोन. म्हणाली, हा परजीवी आहे, अप्पा. उपाय एकच, पाण्याचा खारेपणा उतरवायचा. मासा सहन करतो, तो किडा सहन करत नाही. दोन दिवसांत हळूहळू नऊवर आणा आणि सहा आठवडे तिथेच ठेवा. दहासुद्धा नको.

नऊ म्हणजे लॅक्टोमीटरचं रीडिंग. तिने पाणी मोजायला आणलेलं यंत्र मागच्या वर्षी माझ्या हातून फुटलं. तेव्हापासून डेअरीतला, दुधातलं पाणी पकडायचा जुना लॅक्टोमीटर चालवतो. तिनेच ताडून पाहिलं होतं, बरोबर चालतो. समुद्राचं पाणी पंचवीस दाखवतं. गाईचं दूध मी अठ्ठावीसच्या खाली घेत नाही. म्हणजे समुद्रसुद्धा माझ्या काउंटरवर आला असता तर परत गेला असता.

परीक्षा चालू आहे, तिला येता येणार नाही. म्हणाली, मला रोज फक्त रीडिंग सांगा, मी तक्ता करते. आमच्या सरांना दाखवीन.

काम सोपं आहे. खारं पाणी काढायचं, गोडं घालायचं. अठरा वर्षं दूध संस्थेत सेक्रेटरी आहे, त्यात रीडिंग हाच माझा विषय. सहा आठवड्यांत मासा ठणठणीत.

७ जानेवारी

सकाळचं दूध संकलन उरकून सुरुवात. तीन तांबे खारं काढलं, तीन तांबे बोअरचं घातलं. रीडिंग तेवीस. पुन्हा तीन. एकवीस. पुन्हा दोन. वीस.

इथे थांबलो.

का थांबलो याचा प्रामाणिक विचार केला. माशाला एकदम धक्का नको, हे कारण खरं आहे. पण तांब्या ओतताना हात आपोआप मागे आला, हेही खरं. अठरा वर्षांत मी कुणाला दुधात पाण्याचा एक थेंब घालू दिलेला नाही. सख्ख्या मेव्हण्याचं दूध परत केलंय. दोन वर्षं आमच्याकडे जेवला नाही.

बायको, कोमल, दारातून बघत होती. म्हणाली, सरका बाजूला, मी ओतते. म्हटलं, रीडिंगची जबाबदारी माझी आहे. म्हणाली, जबाबदारी घ्या, पण तांब्या तरी द्या. दिला नाही.

८ जानेवारी

आज फुलाबाईंचं दूध बावीसला लागलं. परत केलं. वरच्या वस्तीवरून तीन मैल चालत येतात, वय सत्तरीकडे, वाईट वाटतं. पण नियम तो नियम.

तासाभराने घरी भांडायला आल्या. मी नेमका टाकीत गोडं पाणी ओतत होतो. उंबऱ्यातच थांबल्या. ह्ये काय चाललंय, सेक्रेटरी? म्हटलं, मासा आजारी आहे, पाणी पातळ करतोय. हसायलाच लागल्या. म्हणाल्या, आमी घातलं की भेसळ आन् तुमी घातलं की औशिद व्हय? कोमलने आत तोंडाला पदर लावला, पण मला दिसलं.

एवढं ऐकून पुढे ओतवेना. रीडिंग एकोणीस.

९ जानेवारी, सकाळी

बंडू दगडाला अंग घासतो. ठिपके तीस-पस्तीस. उद्या नक्की नऊ.

९ जानेवारी, संध्याकाळी

प्रेरणाचा फोन. रीडिंग किती, अप्पा? म्हटलं, आलं खाली. किती? नऊच्या आसपास. आसपास म्हणजे किती, मला तक्त्यात आकडा लिहायचाय. म्हटलं, नऊ.

फोन ठेवल्यावर बराच विचार केला. मी आयुष्यात खोटं रीडिंग सांगितलेलं नाही. आजही सांगितलं असं म्हणता येणार नाही. एक-दोन दिवसांत नऊ होणारच आहे. ही आगाऊ नोंद.

१० जानेवारी

अठरा.

थंडीत लॅक्टोमीटर जास्त दाखवतो, त्यासाठी वजाबाकी करतात. टाकीत हीटर आहे हे खरं, पण बाहेर कडाक्याची थंडी आहे. ती धरून दोन वजा केले. सोळा. शिवाय आमचं बोअरचं पाणी जड, त्याचा एक. पंधरा. पंधरा म्हणजे नऊच्या दिशेनेच आहे.

प्रेरणाला सांगितलं, नऊ. दुसऱ्यांदा सांगताना आवाज पहिल्यासारखा कापला नाही. याचीही नोंद असावी.

११ जानेवारी, सकाळी ७

ठिपके गेले!

एकही नाही. भिंग लावून बघितलं. कोमलला उठवून दाखवलं. समोरच्या बनाबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी विचारलं, आधी कुठं होते? फोटो काढून प्रेरणाला पाठवला. तिने नाचणाऱ्या मुलीचं चित्र पाठवलं, खाली लिहिलं, बघा अप्पा, नऊची कमाल, पण आता हलवू नका हां.

म्हणजे अठरालाच काम झालं. नऊ हा पुस्तकी आकडा. प्रत्यक्ष काम करणाऱ्याची नजर वेगळी असते, हे तिला सावकाश, तिचं मन न दुखवता सांगितलं पाहिजे.

१२ जानेवारी

फुलाबाई येऊन गेल्या. आज दूध एकोणतीस होतं, त्या ऐटीत होत्या. टाकीपाशी उकिडव्या बसून बघितलं. मी म्हटलं, बघा, बरा झाला. त्या म्हणाल्या, कुटं बरा झाला? आवं, गोचीड पोट भरलं की आपसूक गळून पडतोय. म्हंजी काय मेला? गोठ्याच्या फटीत जाऊन आंडी घालतोय. म्होरल्या आठवड्यात बघा, म्हशीचं कान दिसायचं न्हाईत.

मी हसून चहा दिला. म्हैस आणि समुद्री मासा यांत फरक आहे. मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री असलं तरी.

पण मनाला लागलं. टाकीच्या तळाची वाळू बराच वेळ बघत बसलो. काही दिसलं नाही. दिसत नाही म्हणजे नाही, असं शास्त्र म्हणत नाही, हे मला कळतं. पण आज रविवार आहे.

१३ जानेवारी

मासा बरा असताना त्याला पातळ पाण्यात ठेवणं ही शिक्षाच. मीठ विरघळवून थोडं थोडं घातलं. रीडिंग बावीस. गेल्या आठवडाभरात इतकी शांत झोप लागली नव्हती.

प्रेरणाला सांगितलं, नऊ. म्हणाली, किती नेमानं करताय तुम्ही. मैत्रिणींना सांगते, माझ्या वडिलांचं रीडिंग म्हणजे छापलेलं.

१४ जानेवारी

संक्रांत. कोमलने तिळगूळ देताना फक्त एवढंच विचारलं, पोरीला खरं सांगताय ना? म्हटलं, मासा पोहतोय ना? म्हणाली, मी माशाचं विचारलं नाही.

१७ जानेवारी, सकाळी ६

मोजता येत नाहीत.

अंगावर मीठ भुरभुरावं तसे. डोळ्यावरसुद्धा. पट्टे कुठे संपतात कळत नाही. बंडू हवेच्या बुडबुड्यांपाशी तोंड वर करून उभा आहे, कल्ले भराभर हलतात. दाणे टाकले. बघितले नाहीत.

फुलाबाईंचा आठवडा पुरा व्हायला दोन दिवस बाकी होते.

१७ जानेवारी, दुपारी

प्रेरणाला फोन केला. ठिपके परत आलेत. तिने तक्ता उघडला. मग म्हणाली, नऊवर असताना येऊ शकत नाहीत, अप्पा. रीडिंग नऊच आहे ना? हीच वेळ होती. मलाही कळत होतं की हीच वेळ आहे. तिकडे कुणीतरी तिला पेपरला हाक मारली. म्हटलं, हो, जा तू, पेपर दे.

तिचा पेपर बिघडू नये म्हणून सांगितलं नाही. हे कारण मी तपासून पाहिलं. अर्धंच खरं आहे.

१८ जानेवारी

आज संकलनाला गेलो नाही. अठरा वर्षांत पहिली रजा. तांब्या घेऊन बसलो. काढलं, घातलं. बावीस, अठरा, चौदा, अकरा, नऊ.

चाळीस मिनिटं लागली. एवढंच काम होतं. हात एकदाही मागे आला नाही. कोमल शेजारी तांब्या भरून देत होती.

रीडिंग नऊ. वजाबाकी न करता.

संध्याकाळी बंडूने एक फेरी मारली. सुधारणा आहे.

१९ जानेवारी, सकाळी

तळाशी, दगडाजवळ, आडवा. कल्ले थांबलेले.

जमेल तेवढा वेळ थांबलो, न जाणो हलला तर. मग कोमल म्हणाली, अहो, काढा आता. पेरूच्या झाडाखाली पुरला. फुलाबाई दुधाची किटली घेऊन जाताना थांबल्या. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, जीव लावला हुता तुमी. लई वंगाळ झालं.

१९ जानेवारी, संध्याकाळी

प्रेरणाला सांगितलं. रडली. मी तयारीने बसलो होतो, वाक्य कागदावर लिहून ठेवलं होतं: रीडिंग नऊ नव्हतं. पण ती रडता रडता म्हणाली, अप्पा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमच्याकडून काहीच कमी पडलेलं नाही, पद्धतच चुकीची निघाली. मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. घडी तिच्यासाठी घातली की माझ्यासाठी, सांगता येत नाही.

२० जानेवारी

तिने तक्ता पूर्ण करून मोबाईलवर पाठवला. सुबक आहे. तारखा, ठिपके, रीडिंग. रीडिंगच्या रकान्यात दहा वेळा नऊ. त्यातला एक खरा. खाली निष्कर्ष: खारेपणा नऊवर ठेवूनही आजार उलटला, उपचार निरुपयोगी.

तिच्या सरांना शंका आली होती, कारण पुस्तकं उलटं सांगतात. त्यांनी विचारलं, रीडिंग कुणी घेतलं? ती म्हणाली, माझ्या वडिलांनी. अठरा वर्षं तेच करतात, कुणाची भीड ठेवत नाहीत. सर म्हणाले, मग बरोबर असेल.

तिकडे किनाऱ्यावर एक लॉजवाला आहे. त्याच्या टाकीत असेच ठिपके आलेत. अकरा मासे आहेत. तो पाणी पातळ करणार होता. प्रेरणाने त्याला सांगितलं, नका करू, आमच्या घरी करून बघितलंय.

संकल्प: उद्या सकाळी संकलन झाल्याबरोबर फोन. आढेवेढे न घेता. पहिलं वाक्य तेच, मग लॉजवाल्याचं. तिला काय वाटेल याचा विचार करायचा नाही. अकरा मासे आहेत.

२१ जानेवारी, सकाळी ८.४०

फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाली, काय झालं, अप्पा?

म्हटलं, काही नाही. नाश्ता केलास का?