फुलांची वाडी, बिकानेरला

सोमवार, ३ फेब्रुवारी १९५८

सत्यवतीचं पत्र. सातवा लागला. डॉक्टर म्हणतो, एवढा लांबचा प्रवास नको — म्हणजे बाळंतपण तिथेच, बिकानेरात! बिनआईची नात, माझ्या हाताखाली वाढली, आणि पहिलं बाळंतपण वाळूत.

खाली बारीक अक्षरात लिहिलंय — ‘आजी, बाळ झालं की मी आचऱ्याला येईन, ती परत इथे यायची नाही. इथे डोळ्यांना हिरवं दिसत नाही. हे तर बोलतही नाहीत.’

हे म्हणजे गुरुदास. रेल्वेत फिटर. मूळ देवबागचा. एका अंगाला समुद्र, एका अंगाला खाडी, अशा गावात जन्मून हा माणूस एवढा कोरडा कसा!

येऊ दे. खोली आहे, मी आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सातव्यात माहेरच्यांनी फुलांची वाडी भरायची असते, पोरीला फुलांच्या दागिन्यांनी मढवायचं असतं. वाडी न भरता आमच्या घरातली एकही पोर बाळंत झालेली नाही. सून जानकी म्हणते, “सुरंगीचे वळेसर टपालान धाडूया.” आठ दिवसांनी पोचतील ते डोक्यात माळायचे की चुलीत घालायचे? सून गुणी आहे, फक्त बोलून झाल्यावर विचार करते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सापडला उपाय! पोस्टमन हरिश्चंद्र पलटणीत असताना तिकडेच होता. म्हणाला, “आजये, फुला हयसून कित्याक धाडतंस? थंयच्या माळ्याक मनीआर्डर कर. तो घराक नेऊन देयत.” स्टेशनाबाहेर किशन माळी बसतो, देवळाला हार देतो, हे सत्यवतीनेच कधीतरी लिहिलं होतं.

मनीआर्डरीच्या कुपनावर काय लिहायचं ते मी सांगू लागले — वेणी, बाजूबंद, कानांतली फुलं, कंबरपट्टा… तो ओरडला, “अगो, कुपनात जागा बोटभर! रामायण खंय लिवू?” शेवटी हिंदीत एवढंच लिहिलं — ‘सत्यवती के लिए फूलों की वाडी’. खाली रेल्वे क्वार्टरचा पत्ता. पुरे झालं. वाडी म्हणजे काय ते कोणाला सांगावं लागतं का!

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पत्र नाही. हरिश्चंद्र दारावरून जातो तो मान खाली घालून.

मंगळवार, ४ मार्च

देवा रे! माळ्याने बाग नेऊन टाकली! गुलाबाची रोपं, मोगऱ्याची रोपं, वर एक लिंबाचं — उंटाच्या गाड्यावर घालून! सत्यवती लिहिते, ‘आजी, ही कसली वाडी? माळी म्हणाला, चिठ्ठीत बाडी लिहिलंय, मी बाडी आणली.’

हरिश्चंद्राला वाटेतच धरला. “थंय बाडी म्हणजे बाग, आजये. लिवताना ध्यानात इला नाय.”

“तुझी पलटण लढाई जिंकली कशी रे, मेल्या?”

बिचारा उभा राहून हसला. मला हसू आलं नाही. सातवा सरला आणि पोरीच्या डोक्यात एक फूल नाही. आई असती तर पायी चालत गेली असती. मी काय केलं — कुपन!

जेवले नाही. जानकीने पेज आणून ठेवली, एक शब्द न बोलता. आज मात्र तिने आधी विचार केला.

सोमवार, २१ एप्रिल

तार. मुलगी. दोघी बऱ्या!

शुक्रवार, २ मे

पाळणा उतरवून पुसला. खोलीला चुना काढला. जानकी म्हणते, “एवढी घाय कित्याक? ती काय उद्या येता?” तिला काय ठाऊक. येणारं माणूस आलं की मग चुना काढतात का?

सोमवार, १२ मे

सत्यवतीचं पत्र. ‘आजी, इतक्यात येत नाही. मोगऱ्याला कळे धरलेत. ऊन फार, दोन वेळा पाणी लागतं. हे शेडमधून सायकलवर पाणी आणतात आणि मला विचारतात, कुठल्या झाडाला आधी? पहिलं फूल बाळीच्या टोपड्याला लावलं.’

इतक्यात नाही म्हणजे कधी? तो विचारतो म्हणे! आणि मी इथे चुना काढून बसलेय. मेल्या माळ्याचं तळपट होवो. माझी नात मी मागवली, त्याने तिथेच लावून टाकली.

गुरुवार, १५ मे

गुरुदासचं पत्र. लग्नानंतरचं पहिलं. ‘आजी, माळी कुपन घेऊन माझ्याकडे शेडमध्ये आला होता, वाडी म्हणजे काय ते विचारायला. फुलांचे दागिने करायला तो तयार होता. वाडी भरतात ते मला ठाऊक आहे, माझ्या आईने बहिणींची भरलेली पाहिली आहे. पण फुलं संध्याकाळी सुकली असती, आणि सत्यवती गेली असती. म्हणून झाडं मीच सांगितली. तिला हे माहीत नाही. राग मानू नये.’

लबाड! तिला मीही सांगणार नाही.