दगडीपाल्याचं वर्तुळ

मंगळवार, संध्याकाळ

वर्तुळ खोटं निघालं. मागच्या आठवड्यात दगडीपाल्याच्या अर्कात बुडवलेली कागदी चकती मी जंतूंच्या ताटलीत ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं, म्हणजे तिथे जंतू वाढलेच नव्हते. आज ताथवड्याला कॉलेजात काल ठेवलेली नुसत्या अल्कोहोलची चकती पाहिली. तिच्याभोवतीही तेवढंच वर्तुळ. अर्क अल्कोहोलमध्येच काढलेला, आणि घाईत मी चकत्या वाळूच दिल्या नव्हत्या. जंतू मारले ते अल्कोहोलनं. पाल्यानं काय केलं, देव जाणे.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या पहिल्या वर्तुळाचा फोटो मी मारुंजीच्या आत्याला पाठवला होता ना. तिला शुगर, पायाला जखम, त्यावर रोज पाल्याचा रस. "तुझा पाला पास झाला," असं मीच म्हणाले. तेव्हापासून तिनं दवाखान्यात ड्रेसिंगला जाणं सोडलं. कशाला बोलले मी?

कॉलेजातून थेट तिच्याकडे गेले. सगळं सांगितलं.

"म्हंजी पाल्यात गुण न्हाई?"

"तसं नाही आत्या. अजून माहीत नाही."

"मग त्या दिशी कसं म्हाईत व्हतं?"

मी वाकून तिचा पाय पाहिला. जखमेची कड ओली, लाल. उद्या सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात ड्रेसिंगला येते म्हणाली.

तिच्या फोनमधला वर्तुळाचा फोटो मी पुसून आले. माझ्या फोनमधला अजून तसाच आहे.